कुणाची म्हैस, कुणाला ऊठबैस!

मित्रांनो, हॉस्टेलच्या भिंतीवर बीएमडब्ल्यूचं पोस्टर लावणारे आपल्यात कमी नाहीत. पण ही गाडी कोणत्या देशाची, असं व्हायवात विचारलं तर? 'जर्मनीची' म्हणालात तर अर्धेच मार्क!

२०१८ सालचंच घ्या. १ जुलैला चीनने परदेशी गाड्यांवरचं आयात शुल्क २५ टक्क्यांवरून १५ वर आणलं. शांघायचे श्रीमंत खूश! पण अमेरिकेशी व्यापारयुद्ध पेटलं आणि ६ जुलैपासून अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर जादा २५ टक्के बसले. एकूण ४०! आता गंमत बघा. बीएमडब्ल्यूची एक्स-५ बनते अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गला. म्हणजे भांडण अमेरिका-चीनचं आणि भुर्दंड जर्मन कंपनीला. तिला चीनमध्ये किंमत वाढवावी लागली. १ जानेवारी २०१९ पासून चीनने जादा शुल्क थांबवलं खरं, पण टेस्लाने तोवर शांघायलाच कारखाना काढायचं ठरवलं होतं. २०१९ संपायच्या आत तिथून गाड्या बाहेर पडल्यासुद्धा.

थोडक्यात काय, कस्टमवाला बॉनेटवरचा लोगो बघत नाही, गाडी कुठे बनली ते बघतो.

आपणही काही कमी नाही. बाहेरून तयार येणाऱ्या महागड्या गाड्यांवर आपल्याकडे वर्षानुवर्षं शंभर टक्के आणि त्याहून जास्त शुल्क होतं. मर्सिडीजचे भाग आणून गाडी चाकणला जोडतात, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

'पण आपल्याला काय त्याचं?' असं म्हणू नका. मे २०२५ मध्ये अमेरिकेने आयात होणाऱ्या गाड्यांच्या सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावलं. अशा वेळी मोठ्या कंपनीची निर्यात अडली, की सातारा, कराड, मिरज, कुपवाडच्या एमआयडीसीतल्या छोट्या शॉपची ऑर्डर आटते. आणि सगळ्यात आधी घरी बसतो तो कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा. म्हणजे उद्याचे आपणच!

म्हणून सरांना एक विनंती. आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये स्ट्रेस अॅनालिसिसची चाळीस पानं असतात. त्यात एक पान वाढवा. माल कुठून येणार, कुठे विकणार, वाटेत शुल्क किती, आणि एक गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं कोण? पार्ट टॉलरन्समध्ये बसला म्हणजे तो विकला जाईलच असं नाही, हे नोकरी गेल्यावर कळण्यापेक्षा कॉलेजात कळलेलं बरं!