आधी रूळ, मग इंजिन

जुन्या गाडीला घरच्या घरी टर्बो बसवावा असे ज्याच्या मनात आले असेल, त्याने आधी डभोईची गोष्ट ऐकावी, असे माझे मत आहे. डभोई हे बडोद्याजवळचे जुने तटबंदीचे गाव. मराठी माणसाला ते 1731 च्या लढाईमुळे ठाऊक असते. पहिल्या बाजीरावांनी सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांचा पाडाव केला तो याच परिसरात. पण आजची गोष्ट लढाईची नाही, आगगाडीची आहे.

1862 मध्ये खंडेराव गायकवाडांनी डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी रेल्वे सुरू केली. एखाद्या संस्थानाने स्वतःच्या मालकीची रेल्वे घालण्याची आपल्या देशातली ही पहिलीच वेळ. गाडी ओढायला होते चक्क बैल! वर्षभरात विलायतेहून वाफेची इंजिने आली. पण रूळ घातले होते बैलांच्या हिशेबाने, हलके. इंजिनाचा भार त्यांना पेलेना. झाले, गाडीला पुन्हा बैल! 1873 मध्ये वजनदार रूळ घातले, तेव्हा कुठे इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. पुढे डभोई नॅरोगेजचे मोठे जंक्शन म्हणून नावाजले. 17 जानेवारी 2021 रोजी तिथल्या नव्या ब्रॉडगेज स्थानकाचे उद्घाटन झाले.

ही गोष्ट मी माझ्या भाच्याला सांगितली, कारण त्याच्या डोक्यात टर्बोचे वेड शिरले आहे. पोरगा डिप्लोमा झालेला, हात कसबी. घरात 1997 ची झेन. वडिलांनी हौसेने घेतलेली. वडील गेले, गाडी राहिली. "मामा, भंगारात डिझेल गाडीचा टर्बो मिळतोय, घालूया की! चोर्ला घाटात गाडी अगदी मरगळते."

त्याची तक्रार खोटी नव्हे. झेनचे इंजिन 993 सीसीचे. त्यात आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच. इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा आठेक टक्के विरळ, म्हणजे साध्या इंजिनाची ताकद तेवढी कमीच. टर्बो नेमके हेच दुखणे दूर करतो. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. तेव्हा कल्पना जुनी आणि पक्की आहे. प्रश्न आहे तो रुळांचा.

कागद घेऊन आम्ही दोघे बसलो आणि एकेक रूळ तपासला. हवा दाबली की तापते. वातावरणाच्या निम्म्याने दाब वाढवला, तरी हवा सहज चाळीस-पन्नास अंशांनी गरम होते. अशी हवा सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याची वाट न बघता भलत्या वेळी आपोआप पेटते. मेकॅनिक म्हणतात, इंजिन नॉक करते. हे थोडा वेळ चालले तरी पिस्टन फुटतो, हेड गॅस्केट उडते. ते टाळायचे तर हवा थंड करणारा इंटरकूलर हवा आणि पेट्रोलचे प्रमाण नव्याने जुळवायला हवे. साध्या कार्बोरेटरवर ते काम अवघड.

दुसरा रूळ तेलाचा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तोही तेलाच्या पातळ थरावर. त्याला दाबाने तेल पोचवणारी नळी हवी आणि तेल आपसूक खाली ओघळेल अशी उताराची परतीची वाट हवी. शिवाय डिझेलपेक्षा पेट्रोल इंजिनाचा धूर बराच गरम, 900 अंशांपर्यंत जाणारा. डिझेलसाठी घडवलेला भंगारातला टर्बो तो किती दिवस सोसणार?

तिसरा रूळ सर्वांत महत्त्वाचा आणि पोरे तोच विसरतात. तो म्हणजे ब्रेक. ताशी 80 ऐवजी 110 किलोमीटरने धावणारी गाडी थांबवायची तर ब्रेकवरचा भार जवळजवळ दुप्पट होतो. क्लच प्लेट, रेडिएटर, टायर यांचाही हिशेब असाच. टर्बोला लागतील त्यापेक्षा जास्त पैसे या रुळांनाच लागतील, हे बेरीज मांडल्यावर त्यालाही दिसले.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते की, नोंदणीच्या वेळचा कंपनीचा तपशील बदलेल अशी फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. तिथे बदललेले इंजिन दिसले, तर वडिलांची गाडी कायमची दारात उभी राहायची. अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करण्याची धास्ती आहेच.

भाचा हिरमुसला. आमची अक्का दिली आहे कन्नड घरात. ती आतून म्हणाली, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपण मराठीत अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो, तेच. पण मला तिथे थोडे वेगळे सांगायचे होते. गायकवाडांनी पाय आखडून घेतले नाहीत, अंथरूण मोठे केले. बरीच वर्षे लागली, पण इंजिन आले. तरुण पोराच्या हौसेला नुसते 'नको' म्हणून भागत नाही. त्याला ती हौस फेडायची वाट दाखवावी लागते.

म्हणून आम्ही असे ठरवले. वडिलांच्या झेनला टर्बो नाही. तिची कॉम्प्रेशन टेस्ट करायची, कार्बोरेटर साफ करायचा, व्हॉल्व्हची सेटिंग बघायची, ब्रेक नवे करायचे. थकलेल्या गाडीची मूळची ताकद एवढ्यानेही बरीच परत येते. टर्बोचा प्रयोग करायचा तो भंगारातल्या सुट्या इंजिनावर. ते स्टँडवर बांधायचे, तेलाची, पाण्याची सोय करायची आणि उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाणत्या मिस्त्रीच्या नजरेखाली चालवायचे. तिथे पिस्टन फुटला, तर फार तर खिशाला खार. रस्त्यावरच्या गाडीत मात्र शेजारच्या सीटवर आई बसलेली असते.

मंडळी, तुमच्याही घरात असा एखादा पोरगा असेल. त्याला रागावू नका. कागद-पेन्सिल द्या आणि एकेक रूळ तपासायला सांगा. त्या कागदावरच तो अर्धा इंजिनिअर होईल.