मुरमाखाली काय दडलंय?



परवा मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा धापा टाकत आला. म्हणाला, "सर, त्या कचऱ्याच्या खड्ड्यावर मुरूम टाकला! आता तिथं कबड्डीचं मैदान करू या ना?"

वस्तीच्या कडेचा तो खड्डा. वर्षानुवर्षे सगळ्यांनी तिथेच कचरा टाकला. घरचा केर, पन्न्या, टॉर्चचे सेल, फुटक्या बाटल्या, जुन्या ट्यूबलाइट. मीही टाकला आहे, खोटे कशाला बोलू? आता वर लाल मुरूम पसरला आणि खड्डा कसा शहाण्या मुलासारखा दिसू लागला.

मी म्हणालो, "थांब जरा." बिचाऱ्याचे तोंड एवढेसे झाले. त्याला जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो.

मुरूम टाकला म्हणून खालचा कचरा संपत नाही. तो आत कुजतो, त्यातून मिथेन नावाचा पेट घेणारा वायू निघतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते, काळे होते, आणि सेलमधले, ट्यूबलाइटमधले विषारी धातूही सोबत घेऊन खाली उतरते. आपला सडक अर्जुनी तालुका धानाचा. खड्ड्यापासून बांधी आणि विहीर किती दूर, ते तुम्हीच पावले मोजून बघा.

नीट झाकायचे तर तेही मोठे काम असते. मुंबईत गोराईला असाच कचऱ्याचा डोंगर होता. २००७ साली तिथे कचरा टाकणे बंद झाले. मग ढिगाला उतार दिला, पाणी आत जाऊ नये असे थर अंथरले, वायू ओढून घ्यायला नळ्या बसवल्या. मिथेन हवेत न सोडता जाळायचा, म्हणून महापालिकेला आशियाई विकास बँकेकडून आगाऊ पैसेही मिळाले. आहे की नाही गंमत?

दुसरा मार्ग म्हणजे ढीग उपसून जागा मोकळी करणे. ही रीत तुम्हाला लगेच कळेल, कारण धानाची मळणी तुम्ही पाहिली आहे. ढीग उकरायचा, कचरा कुजवणारे जिवाणू फवारायचे, उलटापालटा करून वाळू द्यायचा. मग मोठ्या फिरत्या चाळणीतून चाळायचा. माती वेगळी, दगड-विटा वेगळ्या, पन्न्या-चिंध्या वेगळ्या. दगड-विटा भरावाला जातात, पन्न्या-चिंध्या सिमेंटच्या कारखान्यात जाळायला. माती मात्र तपासल्याशिवाय शेतात टाकायची नाही.

"याला पैसे कोण देतं, सर?" हा त्याचा पुढचा प्रश्न. शाबास! खरी गोम इथेच आहे.

वर्गात शाई कोणी सांडली ते माहीत असेल तर पुसायचे कोणी? ज्याने सांडली त्याने. रसायनांनी विषारी झालेल्या जमिनींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये जे नियम केले, त्यात हेच आहे. ज्याने जमीन बिघडवली, खर्च त्याचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्य सरकारने करायचा. अमेरिकेने तर १९८० सालीच कायदा करून रसायन आणि तेल कंपन्यांवर कर बसवला आणि त्यातून सफाईचा निधी उभा केला.

पण आपल्या खड्ड्यात शाई सगळ्या वर्गानेच सांडलेली! मग पैसे सगळ्यांच्या खिशातून, म्हणजे करातून. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या शहरांसाठीच्या दुसऱ्या टप्प्यात जुना कचरा उपसायला टनामागे ५५० रुपये धरले होते. एक लाखाहून कमी वस्तीच्या गावाला त्यातले निम्मे केंद्राने द्यायचे ठरले होते. उरलेले राज्याने आणि तिथल्या नगरपंचायतीने किंवा नगरपरिषदेने उभे करायचे.

आता पाटी काढा. समजा, ढीग दोन हजार टनांचा आहे. खर्च किती? अकरा लाख. केंद्राचे किती? साडेपाच लाख. दुसरे गणित जरा मोठे आहे. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. तिथला १८५ लाख टन कचरा उपसण्यासाठी २०२५ मध्ये महापालिकेने निविदा काढली, सुमारे २,३६८ कोटी रुपयांची. टनाला किती पडले? आमच्या मुलाने फळ्यावर भागाकार केला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा उत्तर आले १,२८० रुपये. "बापरे! टाकायला तर काहीच लागत नाही!" तो म्हणाला. यावर मी काय बोलणार?

छोट्या गावांनाही हे जमते बरे का. कोकणातल्या वेंगुर्ल्याने आपल्या कचरा डेपोच्या जागी बगीचा उभा केला, आणि बाहेरगावचे लोक तो पाहायला येऊ लागले.

आम्ही मुलांनी मिळून कार्यालयाला एक पत्र लिहिले आहे. खड्ड्यात किती ट्रॉल्या कचरा आहे, तो कधी उपसणार, माती तपासणार का, असे तीनच प्रश्न. अक्षर त्या मुलाचे, सह्या सत्तावीस. उत्तर आले की इथे कळवीनच. तोवर कबड्डी शाळेच्या अंगणात चालू आहे. जागा कमी पडते, चढाई करणारा थेट व्हरांड्यात जातो.

तुमचे,
सर