गाठ काढताना बाईचा देहही सांभाळावा



आमचे काम उसाचे. बाईच्या दुखण्यावर आम्ही लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण होटगी शिवारात ऊस नोंदीला फिरताना एक सभासद हळूच म्हणाले, "मालकिणीच्या छातीत गाठ हाय. ती म्हणते, कापून घेण्यापरीस हाय तशी मरंन." या भीतीपायी दाखवायला उशीर होतो, आणि तोच उशीर जिवावर बेततो.

ही भीती जुन्या काळातली आहे. १८९४ साली अमेरिकेतील डॉ. हालस्टेड यांनी स्तन व छातीचे स्नायू समूळ काढण्याची रीत मांडली. पुढे इटलीतील मिलानच्या डॉ. वेरोनेसी यांनी २००२ साली वीस वर्षांचा पाठपुरावा मांडला: लहान गाठीत तेवढाच भाग काढून किरणोपचार दिले, तरी आयुष्य तितकेच मिळते.

आता त्यापुढची पायरी आहे. गाठ काढताना उरलेला भाग जुळवून घेतात, किंवा पाठीचे अथवा पोटाचे मांस-कातडे आणून पोकळी भरतात. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशनचे डॉ. कोप्पीकर हेच काम करतात.

कोणी म्हणेल, "या वयात नटायचंय काय?" आम्हाला हे पटत नाही. प्रश्न नटण्याचा नाही. पदर आवळून, चारचौघींत जायचे टाळून जगणे हेही दुखणेच आहे. काणीचे बेट उपटले की नांगी आपण वेळेत भरतो. मग घरच्या लक्ष्मीबाबत एवढाही विचार नको काय?

अर्थात, रोग काढणे पहिले. प्रत्येकीला हे जमेलच असे नाही. रोग किती पसरला, मधुमेह आहे का, विडी-तंबाखू आहे का, यावर ते ठरते. नंतरही पुनर्रचना करता येते, पण विचारायचे ते शस्त्रक्रियेआधीच विचारावे: "डॉक्टरसाहेब, स्तन वाचेल का? नाही तर पुन्हा घडवता येईल का?"

कर्करोगाच्या उपचारासाठी आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, मुंबईला टाटा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पुनर्रचना बसते का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारावे.

उसाचे बिल येईपर्यंत गाठ थांबत नाही. सभासदांनी घरात आजच हा विषय काढावा, एवढीच आमची विनंती.