कबड्डीचा हंगाम आणि कापसाचा हंगाम

कॉलेजच्या मुलींचा कबड्डी संघ पहिल्याच फेरीत हरून परत आला, की एक ठरलेलं वाक्य कानावर येतं: ‘ग्रामीण भागातल्या मुलींना खेळाची आवडच नाही.’ पोखर्णी आणि आसपासच्या गावांत बायकांच्या बैठकांसाठी माझं जाणं-येणं असतं. इथल्या मुली पुढच्या शिक्षणासाठी परभणीला नाहीतर गंगाखेडला जातात. खेळाची आवड नसलेली मुलगी मला त्यांच्यात क्वचितच भेटली. भेटतात त्या संघातून गळालेल्या मुली. त्या का गळतात, हा खरा प्रश्न आहे.

आधी वेळापत्रक पाहू. आपला भाग नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. पावसाळा सरता सरता आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू होतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. नेमक्या याच दिवसांत परभणी जिल्ह्यात सोयाबीनची काढणी असते आणि कापूस फुटलेला असतो. कापूस वेचणं हे बाईचं काम, हे आपल्याकडे न लिहिलेलं शास्त्र! मुलाला स्पर्धेसाठी चार दिवस सहज सोडतात, कारण वेचणीच्या हिशोबात त्याचा हात धरलेलाच नसतो. मुलीचा हात मात्र धरलेला असतो. ती मैदानावर गेली तर त्या दिवसाची मजुरी बुडते, किंवा तिच्या वाटची ओळ आईला वेचावी लागते.

कापूस घरात येतो न येतो तोच तुळशीचं लग्न लागतं आणि पाठोपाठ मुलींच्या लग्नांची बोलणी सुरू होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४८ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास होता. या वयातून सुटून जी मुलगी कॉलेजपर्यंत पोचते, तिच्यामागेही ‘आता किती दिवस?’ हा प्रश्न असतोच. कबड्डीत संघ बारा जणींचा, मैदानात सात. साखळी पकड दोघींच्या हातांनी होते आणि ती बसायला वर्ष-दोन वर्षांचा एकत्र सराव लागतो. दोघींपैकी एक लग्न होऊन गेली की साखळी तुटते. दरवर्षी नवा संघ, दरवर्षी पहिली फेरी. मग ‘आवड नाही’ म्हणायला सगळे मोकळे.

दुसरी गोष्ट पैशाची. प्रवेश घेताना क्रीडा शुल्क मुलीही भरतात आणि मुलगेही तेवढंच भरतात. त्यातलं किती मुलींच्या खेळावर खर्च होतं, हे आपण कधी विचारलं आहे का? मुलींच्या कबड्डीला फार लागत नाही. बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद मैदान, आखायला चुना, अंगाला नीट बसणारे कपडे, बदलायला एक खोली आणि स्वच्छ संडास. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, त्यासाठी बूट आणि मॅटवरचा सराव हवा. मातीत खेळलेल्या मुलीला थेट मॅटवर उभं करायचं आणि ती घसरली की तिलाच नावं ठेवायची, हा कुठला न्याय?

पैसा मुलग्यांच्या खेळाकडे वळण्याची ही रीत आपल्यापुरती नाही. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलचा हंगाम म्हणजे मोठा उत्सव असतो. हा फुटबॉल हातात चेंडू घेऊन, अंगावर कवच घालून खेळायचा. एकेका संघात शंभराच्या घरात मुलगे असतात. १९७२ साली तिथे कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही. लगेच ओरड झाली, की आता फुटबॉल बुडणार! उत्पन्न देणारे खेळ कायद्यातून वगळावेत, अशी दुरुस्ती १९७४ साली सिनेटर टॉवर यांनी आणली. ती टिकली नाही. फुटबॉलही बुडाला नाही. कायद्याआधी तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखही नव्हत्या. २०१८-१९ पर्यंत त्या चौतीस लाखांवर गेल्या. मुलींची आवड एका पिढीत दसपटीहून जास्त वाढली म्हणायची, की दार उघडलं म्हणायचं?

आपल्याकडे उलट चित्र आहे. भारताच्या मुलींनी २०१०, २०१४ आणि २०२२ च्या आशियाई स्पर्धांत कबड्डीचं सुवर्णपदक आणलं. २०१२ साली पाटण्याला झालेला पहिला महिला विश्वचषकही जिंकला. पण २०१४ साली सुरू झालेली प्रो कबड्डी लीग पुरुषांची. मुलींसाठी २०१६ साली तीन संघांची स्पर्धा घेतली, ती एका हंगामापलीकडे गेली नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न असताना खेळ कसला घेऊन बसलीस? मला वाटतं, हा त्याच प्रश्नाचा भाग आहे. लहानपणापासून ‘अंग चोरून बस’ हेच ऐकलेली मुलगी मैदानात पाय रोवून उभी राहते, समोरचीचा घोटा धरून ठेवते, पडते, उठते. शरीर आपलं आहे, हे तिला भाषणातून कळत नाही, तिथे कळतं.

धोकेही आहेत, ते झाकायचे नाहीत. २०२३ साली ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्या कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी जंतरमंतरवर बसावं लागलं. त्यावर मुलींना घरी बसवणं हा उपाय नव्हे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात तक्रार समिती आहे का, तिच्यातल्या बायकांची नावं मुलींना माहीत आहेत का, संघासोबत बाई शिक्षक जाते का, हे आपण पाहायचं.

म्हणून माझं म्हणणं आहे की या वर्षी प्रत्येक गटानं जवळच्या एका कॉलेजात जावं. कॉलेज अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकारात क्रीडा शुल्काचा जमाखर्च मागावा. मार्च २०२३ पासून एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालं, पण सराव संपल्यावर गावाकडे गाडी नसेल तर त्या अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? गाडीची वेळ बदलण्यासाठी आगारप्रमुखाला अर्ज द्यावा. आणि सगळ्यात अवघड काम आपल्या घरातलं आहे. स्पर्धेच्या चार दिवसांत मुलीच्या वाटचा कापूस भावानं वेचावा, हे बैठकीत मोठ्यानं बोलावं.

संघ जिंकला की हरला, हे विद्यापीठ मोजेलच. आपण एवढंच मोजू या: यंदा उतरलेल्या बारा जणींपैकी पुढच्या वर्षी मैदानावर कितीजणी आहेत.