पोर्शेत इंजिनीअर व्हायचंय? आधी हे गणित पाहा

औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरान दिलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच औंध-पलूस पट्ट्यातून कराड, सांगलीला इंजिनीअरिंगला जाणाऱ्या अनेकांचं स्वप्न आज पोर्शे ९११ आहे.

मात्र पोर्शेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०२९ पर्यंत झुफेनहाउझेन आणि वाइसाख इथल्या १,९०० नोकऱ्या कमी होणार. वाइसाख हे कंपनीचं संशोधन केंद्र. म्हणजे कात्री डिझाइनच्या टेबलापर्यंत आली. चीनमधली विक्री घटली आहे, इलेक्ट्रिक गाड्यांनाही अपेक्षेइतकी मागणी नाही.

मग एमएस करून जायचं? ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे अर्धसत्य. पोर्शेचं शहर स्टुटगार्ट बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात येतं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत भारतीयांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. (आखेनसारख्या ठिकाणी ती नाही, हे एजंट क्वचितच सांगतात.) शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरावे लागतात. पैसे आपलेच, महिन्याला ९९२ परत मिळतात. पण आधी उभे करावे लागतात.

त्यासाठी जमीन तारण ठेवण्याआधी कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये एक गाडी बांधा, जर्मन शिका. मुलाखतीत सीजीपीएनंतरचा प्रश्न बहुधा त्या गाडीवरच येतो.