शिळं कुणाच्या ताटात?

रात्रीच्या चार चपात्या उरल्या की सकाळी त्यांचं काय होतं? कुस्करा होतो, हे कुणीही सांगेल. पुण्याकडं त्याला फोडणीची पोळी म्हणतात, कुणी कौतुकानं माणिकपैंजण म्हणतं. आपल्याकडं पोळी म्हटलं की पुरणाची नाहीतर शेंगाची, त्यामुळं आपला तो चपातीचा कुस्करा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो कुस्करा खातं कोण?

शुक्रवार पेठेतलं कुठलंही चौकोनी घर घ्या. सकाळी क्लासला निघालेल्या पोरापुढं गरम चपाती, वडिलांच्या डब्यात ताजी भाजी, आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या आई कालचा भात दह्यात कालवून खातेय. तिला तसं कुणी सांगितलेलं नसतं. ‘टाकायचं कशाला, मी खाते की,’ हे तिचं वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते कानावर पडतं पण पोचत नाही.

म्हणून ‘आमच्याकडं अन्न वाया जात नाही’ असं अभिमानानं सांगण्याआधी जरा थांबा. वाया जात नाही, कारण घरातलं एक माणूस ते रोज संपवतं. ही घराची काटकसर नाही, एकट्या आईची आहे. श्रेय मात्र सगळ्या घराला.

शिळ्याची लाज बाळगावी असा आपला मुलूखच नाही. कडक भाकरीच बघा. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी पातळ थापून, भाजून, पार कडक होईपर्यंत वाळवायची. मग ती कितीतरी दिवस टिकते. आमटीत चुरून, वर शेंगाची चटणी घेऊन आपण ती मिटक्या मारत खातो आणि पाहुण्यांना बांधूनही देतो. ताजं नसलेलं अन्न मानाचं कसं करायचं, हे या गावाला कुणी शिकवायची गरज नाही.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. सोलापूर जिल्ह्यातली माणसं तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, परदेशातून आलेला लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. त्या पिढीला भाकरीचा तुकडा टाकवत नाही, हा त्यांचा कंजूषपणा नव्हे.

आता आजचे आकडे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नाही, घरांतून. भारतातल्या घरांसाठीचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. यात साली, देठं, हाडंही धरलेली आहेत, पण तरी चार माणसांच्या घरात ते २२० किलो होतात. शिवाय एक किलो गहू पिकायला जगात सरासरी १,८०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं चपाती कचऱ्यात टाकताना हा हिशेब आठवायला हवा.

‘पण शिळ्याला चव नसते’ असं म्हणाल. उलट काही पदार्थ शिळ्याचेच चांगले होतात. भात गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि शितं सुटी होतात. म्हणून फोडणीचा भात कालच्या भाताचाच मोकळा होतो, ताज्या गरम भाताचा गोळा होतो. चपातीचंही तसंच. कालची हातानं छान कुस्करते, ताजी चिकटते.

रूमवर राहणाऱ्यांनी आणि घरी राहणाऱ्यांनीही, तीन गोष्टी शिकून घ्या. एक, कुस्करा. तेलात मोहरी, कढीपत्ता, भरपूर कांदा, हळद, तिखट. त्यात कुस्करलेली चपाती आणि पाण्याचा हबका, झाकण ठेवून एक वाफ. वरून लिंबू. अंडं खात असाल तर फोडणीतच एक फोडा. दोन, धपाटे. उरलेल्या आमटीत किंवा वरणात ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, थोडं बेसन, कांदा, कोथिंबीर घालून मळा आणि थापा. आमटीत मीठ-मसाला असतोच, त्यामुळं पीठ भिजवताना चव बघून मगच मीठ घाला. तीन, फोडणीची भाकरी. तीही कुस्कऱ्यासारखीच, फक्त भाकरी आधी ताकाच्या हबक्यानं जरा मऊ करून घ्यायची. अर्ध्या तासाच्या आत पूर्ण घराचा नाष्टा होतो.

काळजी मात्र घ्यायलाच हवी. शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत उरलेला भात तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवा, एरवी दोन तासांत. दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच, चांगला वाफाळेपर्यंत गरम करा. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात रात्रीचा भात मोजूनच लावा. आंबूस वास आला, तार सुटली, तर सरळ टाकून द्या. अन्न वाचवायचं म्हणून माणूस आजारी पाडायचा नसतो. आणि हा नियम आईलाही लागू आहे. ‘मला काही होत नाही’ म्हणत ती जे खाते ते तुम्हाला चालणार नसेल, तर तिलाही चालता कामा नये.

यावर दोन उत्तरं हमखास येतील. पहिलं, ‘आईला आवडतं ते.’ आवडत असेलही. पण कधी तिच्यासमोर गरम चपाती आणि कालची चपाती अशा दोन्ही ठेवून विचारलंय का? जिला निवडायलाच मिळालं नाही, तिची आवड आपण ठरवून टाकतो. दुसरं, ‘शिळ्याचं नवीन करायचं म्हणजे आईला आणखी एक काम.’ अगदी खरं! सकाळी दोन भाज्या, चपात्या, डबे, आणि वर हे. म्हणूनच हे काम तिचं नको. ते तुमचं असू दे. मुलींना हे घरात बहुतेक वेळा सांगितलं जातंच, त्यामुळं पोरांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी जरा मोठ्यानं वाचा. कांदा चिरायला डिग्री लागत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. उरलेलं अन्न एकट्यानं संपवायची शिक्षा नसावी, सगळ्यांचं जेवण व्हावं. चार चपात्या उरल्या तर चौघांच्या ताटात एक एक. नाहीतर त्यांचा मोठी कढई भरून कुस्करा, आणि तो सगळ्यांना, वडिलांच्या डब्यातसुद्धा. एकदा सगळ्यांच्या ताटात शिळं आलं, की कणीक किती मळायची याचा अंदाज घराला आपोआप येतो. उरतंच कमी. एकटी आई संपवते तोवर बाकीच्यांना मोजमापाची गरजच भासत नाही. ‘मला आज जेवायचं नाही, बाहेर खाल्लंय’ हे रात्री साडेनऊला सांगण्याऐवजी सहाला फोन करून सांगायची बुद्धीही मग सुचते.

आठवड्यातला एक दिवस ठरवा. रविवारची सकाळ चालेल. फ्रिज उघडा, डबे बाहेर काढा, वास घ्या, आणि जे चांगलं आहे त्याचा नाष्टा तुम्ही करा. आईला आधी बसवा, पहिलं ताट तिचं वाढा. आणि रोज घरी आल्याबरोबर ‘आज काय केलंय?’ असं विचारता ना? त्याऐवजी एकदा ‘काय उरलंय?’ असं विचारून बघा.