कॅमेऱ्याला साखर दिसते का?

चेंबूरकरांना गोडाचं वावडं कधीच नव्हतं. कॅम्पात झामाचे गुलाबजाम हाणायचे, संध्याकाळी डायमंड गार्डनला चार फेऱ्या मारायच्या, हिशेब फिट्टंफाट! आता या फेऱ्यांमधल्या गप्पांत मोबाइलही शिरलाय. ‘अहो, फोनवर शुगर बघता येते म्हणे! सुई नको, रक्त नको. कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की झालं!’

घरी आले की बाबा फोन आपल्या हातात देतात. घरातले सगळे टेक्निकल लोचे आपणच निस्तरतो, मग हेही आपल्याच गळ्यात. तर मंडळी, ‘थांबा, डाउनलोड करून देतो’ म्हणण्याआधी हा फंडा जरा समजून घ्या.

फक्त एक चमचा!

रक्तात साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साखर किती? पाचेक ग्रॅम, चहाचा एक चमचा! त्यात तिला रंग नाही. कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडीचे ठोके मोजता येतात, कारण प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त कमी-जास्त होतं आणि तो फरक कॅमेऱ्याला दिसतो. बिनरंगी साखर त्याला कुठून दिसणार? घड्याळं आणि अंगठ्यांचीही तीच गत. त्वचेला न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा स्मार्ट रिंगला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

पट्टीवर दिसते, बॉस!

मग कॅमेरा अगदीच कुचकामी? मुळीच नाही. साखरेची खूण रंगात उमटवली की त्याचं काम सुरू. पट्टीवरच्या एन्झाइमची साखरेशी गाठ पडली की पट्टीचा रंग बदलतो. १९६० च्या दशकात रक्ताच्या अशा पट्ट्या आल्या, तेव्हा रंग तक्त्याशी जुळवून डोळ्यांनीच वाचायचे. १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारं मीटर आलं. आज घरोघरी दिसणारी बहुतेक मीटर रंग बघत नाहीत, पट्टीतला बारीकसा विद्युतप्रवाह मोजतात. म्हणजे फोनने पट्टीचा रंग वाचायचा, ही जुनीच आयडिया नव्या कपड्यांत!

ती जगासमोर नेणाऱ्यांत आपली मुंबईची पोरंही होती. बायोसेन्स टेक्नॉलॉजीजचे मिश्किन इंगवले यांनी २०१३ मध्ये टेडच्या मंचावर ‘यूचेक’ दाखवलं. तपासणी रक्ताची नव्हे, लघवीची. लघवीत बुडवलेली पट्टी रंग छापलेल्या मॅटवर ठेवायची, आयफोनने फोटो काढायचे आणि साखर, प्रथिनं वगैरे ॲपने सांगायचं. मॅट कशाला? ट्यूबलाइटखाली आणि उन्हात एकच रंग फोटोत वेगळा येतो. (ऑफिसच्या लिफ्टमधला तुमचा सेल्फी आठवा!) मॅटवरचे ठरलेले रंग बघून ॲप तो फरक सांभाळून घ्यायचं.

मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएचं पत्र आलं. या पट्ट्यांना मान्यता आहे ती माणसाने डोळ्यांनी वाचण्यासाठी. फोन वाचणार असेल तर फोन आणि पट्टी मिळून तपासणीची वेगळी यंत्रणा झाली. तिची मान्यता कुठाय? वरवर बाबूगिरी वाटते, पण मुद्दा लाखमोलाचा आहे. पट्टी चांगली, फोन चांगला, म्हणून जोडी चांगली असं होत नाही. जोडीची परीक्षा जोडीनेच घ्यावी लागते.

आकडा चुकला तर?

समजा बाबा इन्सुलिन घेतात. साखर खरी ७५ आणि ॲप सांगतंय २२०. त्यावर विसंबून त्यांनी डोस वाढवला तर साखर कोसळेल. घाम, थरथर, बेशुद्धीसुद्धा. आता उलटं बघा : खरी २५०, ॲपवर १२०. सगळे खूश, आणि तिकडे डोळे आणि मूत्रपिंडं गुपचूप बिघडतायत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. ही गोष्ट लांबची नाही.

एवढं करा

• ॲप थेंब, पट्टी, सेन्सर काहीच मागत नसेल तर सरळ डिलीट मारा. दंडावरच्या सेन्सरजवळ फोन नेला की आकडा येतो, तो त्वचेखालच्या बारीक तारेमुळे. कॅमेऱ्याचा तिथे संबंध नाही.

• पट्टीचा फोटो वाचणारं ॲप असेल तर ते कुठल्या पट्टीसाठी आणि कुठल्या फोनवर तपासलंय, ते आधी बघा.

• लघवीच्या पट्टीवर पूर्ण भरवसा नको. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. कमी झालेली साखर तिथे कळतच नाही.

• घरच्या मीटरसाठी हात धुऊन, पुसून मगच टोचा. आंबा खाल्लेलं बोट आकडा उगाच फुगवतं! पट्ट्यांची एक्स्पायरी बघा. डोस बदलायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

• आणि तुमचं काय? रात्रीच्या शिफ्टवाल्यांनो, एकदा उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन या. १०० च्या खाली असेल तर मस्त. १०० ते १२५ म्हणजे पिवळा सिग्नल. १२६ किंवा वर असेल तर थेट डॉक्टर.

कॅमेरा वापरायचाच असेल तर मीटरच्या स्क्रीनचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाका. ते काम तो अगदी चोख करतो!